मर्यादेतलं पाणी

२ फेब्रुवारी

माझ्या अतिशहाण्या मुलीस,

आशीर्वाद नेहमीचेच, त्यात नवीन काही नाही. फोन करत जाऊ नकोस असं तुला कितीदा सांगितलं. फोनवर तू माझं वाक्य मधेच तोडतेस. पत्रात ते जमत नाही, म्हणून पत्र.

गाडी कशी आहे असं विचारलंस. वयाच्या मानाने माझ्यापेक्षा बरी आहे. एकच तक्रार. समोरच्या काचेवर पाणी उडवायची दांडी ओढली की मोटर गुरगुरते आणि नोझलमधून पाणी असं येतं की जणू उपकार करतंय. काचेपर्यंत पोचतच नाही, बॉनेटवरूनच ओघळून जातं. मग वायपर कोरड्या धुळीवर फिरतो आणि होती ती काचही घालवतो. तुझ्या आईकडे जायचा रस्ता खाणीवरून जातो हे तुला माहीत असायला हवं. तू तिथे एकदा आली होतीस. पुढे खडीचे ट्रक, आणि परत येताना सूर्य थेट तोंडावर. तेव्हा काच धुता आली नाही तर समोर ट्रक आहे की डोंगर, तेही कळत नाही.

आईचं ठीक चाललंय. पायांत जरा ताकद आली आहे. उजवा हात अजून कामाचा नाही. शुश्रूषागृहातल्या व्यायामवाल्या बाईंशी ती गोड बोलते आणि माझ्याशी भांडते, म्हणजे सुधारते आहे. मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी जातो. तिकडे बस नाही आणि भाड्याच्या गाडीवाले खाणीचं नाव काढलं की दुसरीकडे बघतात. तेव्हा काचेचा बंदोबस्त याच आठवड्यात करतो. गॅरेजमध्ये नेणार नाही. तो मनुष्य गाडीकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघून हसतो.

बाबा


९ फेब्रुवारी

ती. बाबा,

नमस्कार आत्ता घ्या, राग शेवटी घ्या.

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. हे जेवत होते. मान वर न करता म्हणाले, “नोझलमध्ये क्षार बसलेत. टाकीत पाणी कुठलं भरतात?” म्हटलं, नळाचं, आमच्या घरात दुसरं पाणी चालत नाही. तर हसले आणि भात कालवायला लागले.

उपाय असा: नोझल काढून एक रात्र व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. टाकीच्या तळाशी एक जाळी असते ती धुऊन घ्या. आणि यापुढे टाकीत फिल्टरचं पाणी भरा. फिल्टर तुमच्याकडे आहे. ह्यांनी स्वतः आणून दिला होता. तो अजून खोक्यातून बाहेर निघाला नसणार, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

एवढंच आहे, बाबा. यात अपमान शोधत बसू नका. आणि आईकडे मी दोनदा आले होते. दुसऱ्या वेळी तुम्ही माझ्याशी अबोला धरला होता, म्हणून तुमच्या लक्षात नसेल.

तुमची
अतिशहाणी


१५ फेब्रुवारी

बाईसाहेब,

जावईबापूंचं निदान पोचलं. जो मनुष्य लोकांना त्यांच्याच घरच्या नळाची भीती घालून पोट भरतो, त्याला सगळीकडे क्षारच दिसणार. त्यांना सांग की मी जलशुद्धीकरण केंद्रात रसायनतज्ज्ञ होतो, दारोदार फिरून फिल्टर विकत नव्हतो. खाणीच्या डोंगराखालच्या विहिरींचं पाणी या गावाला मिळालं ते माझ्या अहवालामुळे. नदीचं पाणी आणा म्हणणारे सगळे साहेब एका बाजूला आणि मी एकटा एका बाजूला. समितीनं शेवटी माझं ऐकलं. ते पाणी तेव्हा सरकारनं आखलेल्या मर्यादेत होतं, आज मर्यादेत आहे आणि मी मेल्यावरही मर्यादेत राहील. साबणाला फेस येत नाही म्हणून बोंब मारणारेही होते. त्यांना मी तेव्हाच सांगितलं होतं की ती साबणाची लायकी आहे.

आता कामाचं. रबरी पाइप बदलला. जुना वाळून कडक झाला होता. फरक नाही. मग पंप नवीन बसवला. तरी फरक नाही. मग मी पाइप नोझलपासून सोडवला आणि दांडी ओढली, तर पाणी सरळ आपल्या घरच्या गॅरेजच्या छताला! माझ्या डोक्यावर परत पडलं, पण हरकत नाही. यावरून सिद्ध झालं की पाण्यात काही दोष नाही. नोझलमध्ये शिवणाची सुई घातली तेव्हा थोडी पांढरी पूड निघाली. ती खाणीची धूळ. पुन्हा दोन दिवसांत नोझल तसंच झालं, कारण धूळही रोजचीच आहे.

फिल्टर खोक्यात आहे. खोकं भक्कम आहे, त्यावर उभं राहून माळ्यावरचं सामान काढता येतं.

बाबा


२१ फेब्रुवारी

ती. बाबा,

पाइप सोडवला तर पाणी छताला. पाइप नोझलला जोडला तर पाणी बॉनेटवर. मग पाणी अडतं कुठे? हे कोडं तुम्ही स्वतःच घातलंत, स्वतःच सोडवलंत आणि वर उत्तर चुकीचं लिहिलंत. मला लहानपणी गणितात एक चूक झाली तर तुम्ही वही भिंतीवर फेकायचात. आता मी काय फेकू?

आणि धूळ बाहेरून नोझलमध्ये शिरते म्हणता, तर पंपाचा एवढा जोर तिला बाहेर का काढत नाही? सुईवरच्या त्या पांढऱ्या पुडीवर व्हिनेगरचा एक थेंब टाका. फसफसली तर क्षार. हे म्हणतात, खात्री करायला एवढं पुरे.

आईशी काल बोलले. ती म्हणते तुम्ही परत जाताना तिला काळजी वाटते. ती तुम्हाला हे सांगत नाही, कारण तुम्ही लगेच तिला मोटारीचा पंप कसा चालतो ते समजावता.


२६ फेब्रुवारी

बाईसाहेब,

थेंब टाकला. फसफसली. खाणीचा दगड चुन्याचाच आहे, त्याची धूळ फसफसणार नाही तर काय गाणं म्हणेल? जावईबापूंनी ज्या कंपनीत शिक्षण घेतलं तिथे एवढं शिकवत नाहीत, त्याला ते तरी काय करणार.

नवीन पंप मात्र जरा जास्तच चांगला निघाला. काल चढावर दांडी ओढली तर पाइपच नोझलवरून निसटला आणि सगळं पाणी आत इंजिनावर. वाफा निघाल्या. मागच्या ट्रकवाल्याला वाटलं गाडी पेटली, तो खाली उतरून ओरडायला लागला. मी त्याला त्याची जागा दाखवून दिली. आता पाइप तारेनं आवळून टाकला आहे.

तुझ्या आईला सांग की मी काळजी करण्याच्या लायकीचा नाही. हे ती तुला स्वतःही सांगेल.

बाबा


१८ मार्च

बाबा,

तीन आठवडे तुमचं पत्र नाही, आणि आज सकाळी तुमच्या शेजारच्या दातांच्या डॉक्टरांचा फोन. तुम्ही गेल्या शुक्रवारी त्यांच्या फाटकाचा खांब पाडलात. उन्हं समोर, काच पिठासारखी पांढरी, आणि तुम्ही वळलात ते आपल्या घराऐवजी त्यांच्या घरात. त्यांची बायको त्याच खांबाशी उभी राहून कुणाशी तरी बोलत होती. फोन वाजला म्हणून आत गेली, म्हणून वाचली. हे तुम्ही मला कळवलं नाहीत. तुमच्या सगळ्या पत्रांत रबराच्या पाइपला जागा होती, एका बाईच्या जिवाला नव्हती.

मी आता भांडत नाही. एक तर ती नोझलं तुमच्या लाडक्या पाण्याने बुजली आहेत, नाही तर तुमचे डोळे गेले आहेत. तिसरं काही असूच शकत नाही. नोझलं बुजली असतील तर मी सांगितलं ते करा आणि खुशाल आईकडे जा. डोळे गेले असतील तर चावी डॉक्टरांच्या हातात द्या. ते फाटकाचं विसरायला तयार आहेत. त्यांच्या बायकोला शिकायला जुनी गाडी हवीच आहे.

दोन्हींपैकी काय ते लिहा. लांबण लावू नका.


२४ मार्च

चि. मुलीस,

डोळे.

मी स्वतःच जाऊन दाखवून आलो. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मोतीबिंदू असल्याचं मान्य केलं. खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. गेलं वर्षभर मला घरात सगळंच धुरकट दिसतंय. काचेचे पेले धुरकट, न्हाणीघरातला आरसा धुरकट, नळाची चकाकी गेलेली. पेला पुसला तरी तसाच. मी उगाच पेल्यांना दोष देत होतो. तेव्हा गाडीची काच धुरकट दिसते यात नोझलचा काही संबंध नाही, आणि पाण्याचा तर मुळीच नाही. एवढं जावईबापूंना स्पष्ट सांग.

दातांच्या डॉक्टरला म्हणावं, एप्रिलअखेरीस चावी घेऊन जा.

बाबा


३० मार्च

प्रिय बाबा,

तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं. असं कबूल करायला केवढं धैर्य लागतं! मी उगाच तुमच्यावर चिडले. या वयात असं व्हायचंच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ह्यांनीसुद्धा तुमचं कौतुक केलं.

आता तुम्ही आराम करा. पुस्तकं वाचण्यापेक्षा रेडिओ ऐकत चला. गॅस बंद केला की नाही ते हात लावून बघत जा. आईकडे मी दोन महिन्यांतून एकदा येईन तेव्हा तुम्हाला घेऊन जाईन. तोवर तिच्याशी फोनवर बोला. आईला मी समजावून सांगितलं आहे. ती काहीच बोलली नाही.


६ एप्रिल

चि. मुलीस,

तुझं पत्र मिळालं. शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या.

आईला फोन केला होता. ती “बरं” म्हणाली. मीही “बरं” म्हणालो. मग व्यायामवाल्या बाईंनी फोन ठेवला.

बाबा


१७ एप्रिल

अहो,

लिहिणारा हात व्यायामवाल्या बाईंचा आहे. तोंड माझं आहे. मधे कुठे गोड वाटलं तर ती त्यांची भर समजा, मी त्यांना बजावलं आहे की एक शब्दही बदलायचा नाही.

तुमचे डोळे गेले म्हणे. मुलीनं मला हळू आवाजात सांगितलं, कुणी वारल्याची बातमी सांगतात तसं. मी तिला काही बोलले नाही, कारण हसू आवरत होते. मागच्या वेळी आलात तेव्हा दारातूनच म्हणालात, “तुझ्या उशीच्या अभ्र्याची शिवण उसवली आहे.” दारातून! ती शिवण मलाही दिसली नव्हती, आणि माझं डोकं त्या उशीवर होतं. तेव्हा डोळ्यांची नाटकं माझ्यापुढे करू नका.

पेले धुरकट दिसतात म्हणे, नळ, आरसा. किती दिवसांपासून? वर्षापासून. आणि मी इथे येऊन किती दिवस झाले? एवढे मोठे रसायनतज्ज्ञ, जरा हिशेब घाला.

तुम्ही रोज कामावर निघालात की, आणि निवृत्त झाल्यावर दुपारी तुमचा डोळा लागला की, मी व्हिनेगरची बाटली काढायची. पेले, नळ, आरसा, बादलीचा काठ, न्हाणीघराच्या फरश्या. आधी फडक्यानं, मग काथ्यानं, आणि कोपऱ्यात नखानं. पांढरा थर रोज बसायचा, रोज काढायचा. तुमच्या त्या मर्यादेतल्या पाण्यापायी माझ्या बोटांची सालं निघाली. तुम्ही विचारलंत तर सांगायची, भांड्यांच्या पावडरीनं होतं. तुम्ही पावडर बदलून आणायचात. तिच्याबद्दल कंपनीला खरमरीत पत्रही लिहिलं होतंत.

आणि ती समिती आपल्या घरी चहाला आली होती, आठवतं? गावाच्या आधीपासून आपल्या घरात त्याच विहिरींचं पाणी होतं. तुम्ही किटलीचं झाकण काढून साहेबांच्या नाकाखाली धरलंत. “बघा, कित्येक वर्षं याच पाण्याचा चहा होतोय, आत एक पांढरा कण दाखवा!” साहेबांना कण सापडला नाही. कसा सापडेल? आदल्या दिवशी दुपारभर मी ती किटली व्हिनेगर घालून उकळत होते. घरभर वास होता, तो जावा म्हणून खिडक्या उघड्या टाकून बसले होते. तुमच्या अहवालावर नाही, माझ्या घासण्यावर गाव फसलं.

तेव्हा बोलले नाही, कारण ऑफिसातले लोक तुम्हाला पाण्यात बघत होते आणि तुमच्याजवळ ते पाणी सोडून दुसरं काही नव्हतं. म्हटलं, असू दे. घासायला माझं काय जातंय.

पण आता जातंय. पाच आठवडे मंगळवार येतो आणि जातो, शुक्रवार येतो आणि जातो, आणि मी खिडकीशी खुर्ची लावून त्या खाणीच्या रस्त्याकडे मूर्खासारखी बघत बसते. पाणी जड आहे एवढे शब्द तोंडातून काढायला नकोत म्हणून तुम्ही आंधळे व्हायला तयार झालात. गाडी द्यायला तयार झालात. मला इथे टाकून द्यायला तयार झालात. लाज वाटत नाही?

मला राग आलाय आणि मला तुमची आठवण येते. दोन्ही लिहा असं मी बाईंना सांगितलं आहे.

किटली उघडून बघा. आणि मग काय ते ठरवा. पाणी, नाही तर मी.


२५ एप्रिल

माझ्या भांडकुदळ बायकोस,

व्यायामवाल्या बाईंना नमस्कार. हे पत्र त्यांनी उघडून तुझ्या हातात द्यावं आणि बाहेर जाऊन उभं राहावं.

तुझं पत्र मिळून दोन दिवस झाले. पहिला दिवस तुझ्यावर संतापण्यात गेला. घरातल्या घरात कट! आणि तोही माझ्याच किटलीवर! दुसऱ्या दिवशी किटली उघडली. वर्षभर मी तिच्यातला चहा पितोय आणि आत कधी डोकावलो नव्हतो. चमच्यानं खरवडलं तर खपली निघाली, जाड, वेफरसारखी. ती हातात धरून खिडकीत नेली. अगदी स्वच्छ दिसली. डोळ्यांना काहीही झालेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी सांगितलं होतं की मोतीबिंदू आहे तो नावापुरता, खुशाल गाडी चालवा. मी त्यांना म्हटलं, नीट बघा, जास्त असेल. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. यातलं अर्धंच मी मुलीला कळवलं होतं.

मग दोन्ही नोझलं काढली आणि पेल्यात व्हिनेगर घेऊन त्यात टाकली. रात्रभर बुडबुडे येत होते. टाकीच्या तळाची जाळी तर जाळी राहिलीच नव्हती, चुन्याची चकती झाली होती. सगळं धुऊन परत बसवलं. माळ्याखालचं खोकं फोडलं. त्यातलं यंत्र भिंतीला लावलं आणि त्याचं पाणी टाकीत भरलं. हे जावयाला कळता कामा नये. कळलं तर तो पुढची दहा वर्षं भात कालवताना हसेल.

दांडी ओढली. पंप नवा, नोझलं मोकळी. पाणी काचेवरून, टपावरून, थेट गाडीच्या मागे. मागे दातांचे डॉक्टर उभे होते, चावी न्यायला पाच दिवस आधीच आले होते, पांढऱ्या शर्टात. नखशिखान्त भिजले. मी त्यांना सांगितलं की गाडी द्यायची नाही, फाटकाचा खांब मी स्वतः बांधून देईन, आणि दुसऱ्याच्या गाडीमागे न सांगता उभं राहू नये. नोझलची तोंडं मग सुईनं जरा खाली वळवली. आता पाणी जिथे पडायला हवं तिथेच पडतं. पुढचं लख्ख दिसतं.

हे सहा आठवडे मला सोसले नाहीत. घरात तुझा आवाज नाही याची सवय होईल असं वाटलं होतं. झाली नाही. तुझी बोटं आठवली की मान खाली जाते. मी पावडरी बदलून आणत होतो. मूर्ख कोण होतं ते तू लिहिलं नाहीस, तेवढी दया दाखवलीस.

आता एक वाक्य लिहितो. नोकरीत ते माझ्याकडून कुणी वदवून घेऊ शकलं नाही, साहेबांनी नाही, समितीनं नाही, त्या साबणवाल्यांनीही नाही. पाणी जड आहे. मर्यादेत आहे, पण जड आहे.

हे वाचलंस की कागद फाडून टाक. मुलीच्या हाती लागता कामा नये. एका हातानं फाडता येणार नाही, माहीत आहे. तशीच थांब. मंगळवारी मी येतो आहे, मी फाडतो.